काटा वर चढण्याआधी बॉनेट उघडा

सोलापूरकरांनो, उन्हाळा लागला आहे. होळी पेटली की आपल्याकडं ऊन अंगावर येतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, याचं आपल्याला आता नवलही वाटत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत आपण घराबाहेर पडतो. शाळांना सुट्ट्या लागतात. लग्नाच्या तिथी एकामागून एक येतात. चैत्री एकादशीला पंढरपूर, पौर्णिमेला येरमाळा आणि तुळजापूर, स्वामींच्या पुण्यतिथीला अक्कलकोट. गाडीत आजी असते, सुनेच्या मांडीवर तान्हं बाळ असतं, डिकीत जेवणाचे डबे असतात. तुळजापूर काय, अक्कलकोट काय, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता. एवढ्याशा रस्त्याला गाडी कशाला तपासायची, असं म्हणून आपण निघतो.

असं निघू नका. आज संध्याकाळी, इंजिन पूर्ण गार झालं की, गाडीचं बॉनेट उघडा. दहा मिनिटं द्या. आणि रस्त्यात कधी तापमानाचा काटा वर चढला किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा दिसताच थांबा. "आलंच आता तुळजापूर, एवढा घाट चढू दे," असं म्हणू नका. थांबा.

काय होतं ते समजून घ्या. इंजिनात जळलेल्या इंधनाची सगळी ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. मोठा वाटा नुसती उष्णता होऊन जातो. ती उष्णता कूलंट उचलतं, वॉटर पंप ते फिरवतो, रेडिएटर आणि पंखा ते गार करतात. धड असलेलं इंजिन साधारण ९० अंशांच्या आसपास चालतं. आता बाहेरची हवाच ४३ अंशांची, डांबराजवळची त्याहून तापलेली, एसी सुरू, पाच माणसांच्या गाडीत सात जण आणि समोर चढ. अशा वेळी एखादा सैल होजपाइप पुरतो. फ्यूज उडून बंद पडलेला पंखा पुरतो. थंडीत जी हयगय गाडी निभावून नेते, ती मे महिन्यात निभावत नाही.

आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. फार तापलं की ते वाकतं. हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट जातं. गाडी तशीच दामटली तर इंजिन जाम होतं. कूलंट काही शे रुपयांत मिळतं. हेड खोललं की खर्च हजारांत जातो, आणि इंजिन जाम झालं तर लाखाच्या घरात. ज्या घरात गाडीचा हप्ता सुरू आहे, ज्या घराची चूल भाड्याच्या गाडीवर पेटते, त्या घराला हे झेपत नाही. गाडी महिनाभर गॅरेजला उभी राहते, हप्ता थांबत नाही, आणि जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांना पैसे उरत नाहीत.

म्हणून आधी कूलंट बघा. रेडिएटरजवळ अर्धपारदर्शक बाटली असते. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेषा असतात. पातळी त्या दोन रेषांच्या मधे हवी. खाली असेल तर भरा आणि आठवड्यानं पुन्हा बघा. पुन्हा कमी झाली तर कुठंतरी गळती आहे, हे नक्की समजा. रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग तपासा. हिरवट, गुलाबी किंवा निळसर डाग म्हणजे कूलंट. काळा-तपकिरी चिकट डाग म्हणजे ऑइल. दिवसा गाडीखाली एसीचं नुसतं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर काळजी नको. एक गोष्ट मात्र विसरू नका. कूलंट चवीला गोडसर असतं आणि ते विष आहे. सांडलेलं पुसून घ्या, उरलेली बाटली मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

आता पाण्याबद्दल. हे आपल्या गावाचं दुखणं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. घराघरात, सोसायटीत बोअर आहे, आणि गाडीत ओतायला हाताशी असतं तेही बोअरचंच पाणी. हे पाणी जड असतं. हिटरच्या कॉइलवर, बादलीच्या काठावर पांढरा थर चढलेला तुम्ही रोज बघता. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. नळ्या चोंदतात, पाणी फिरायचं कमी होतं, आतून गंज धरतो. वरून बघाल तर रेडिएटर भरलेला दिसतो, आणि गाडी मात्र चढाला गरम होते. कूलंट गंज रोखतं आणि उकळायचा बिंदू वर नेतं. साध्या पाण्याला ही दोन्ही कामं जमत नाहीत. तयार मिश्रण मिळतं ते तसंच भरा. घट्ट कूलंट आणलं असेल तर त्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मं, डिस्टिल्ड वॉटर मिसळा. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार सांगितला आहे तोच वापरा, दोन प्रकार एकत्र करू नका. रस्त्यात अडला असाल आणि दुसरं काहीच नसेल, तर मिळेल ते स्वच्छ पाणी घालून गॅरेज गाठा. पण नंतर ते काढून टाका, रेडिएटर धुवून घ्या आणि पुन्हा कूलंट भरा. तेच पाणी वर्षभर फिरवत ठेवू नका.

आणखी एक सवय सोडा. गाडी गरम होते म्हटलं की काही जण थर्मोस्टॅट वॉल काढून टाकायला सांगतात. मिस्त्री काढून देतो आणि चार दिवस बरं वाटतं. पण इंजिन कामाच्या तापमानाला यायला उशीर लागतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. वॉल खराब असेल तर नवा बसवा. काढून टाकणं हा इलाज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सर्वात मोठा धोका. गाडी गरम होऊन थांबली, बॉनेटखालून वाफ येतेय, सगळे खाली उतरलेत, आणि घरातला कुणीतरी उत्साही मुलगा रुमाल घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला पुढं होतो. त्याला तिथंच अडवा. प्रेशर धरलेल्या कुकरचं झाकण तुम्ही कधी उघडता का? रेडिएटरमध्ये तसाच दाब असतो. झाकण सैल होताच शंभर अंशांच्या वरचं पाणी आणि वाफ उसळून थेट तोंडावर, डोळ्यांवर, छातीवर येते. एका क्षणात माणूस भाजतो. इंजिनाचं नुकसान भरून निघेल, डोळ्यांचं भरून निघणार नाही.

मग करायचं काय? काटा वर जाताना दिसला की आधी एसी बंद करा. खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण सुरू करा. होय, त्या उन्हात हीटर. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो आणि तुम्हाला बाजूला थांबायला वेळ मिळतो. रस्ता सोडून गाडी डावीकडं पूर्ण बाहेर घ्या. इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेटला हातही लावू नका. अर्धा तास, पाऊण तास थांबा, तोवर माणसांना सावलीत न्या, पाणी प्यायला द्या. झाकणाला हात सोसवेल इतकं गार झाल्यावरच जाड कापड धरून ते हळूहळू, थोडं थोडं फिरवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. कूलंट भरल्यावरही ते लगेच खाली जात असेल तर गाडी सुरू करू नका. क्रेन बोलवा. क्रेनचं भाडं हेडच्या खर्चापेक्षा नेहमीच कमी असतं.

तुमच्या गाडीत काटा आहे का, हेही आजच बघून ठेवा. अनेक छोट्या गाड्यांत तो नसतोच. इंजिन गार असताना निळा दिवा लागतो आणि फार तापलं की लाल. लाल लागला म्हणजे वेळ जवळजवळ संपलेली असते. आणि काटा असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं: वर गेलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला तरी काटा खाली येतो. तेव्हा आत इंजिन होरपळत असतं.

एकदा गरम झालेली गाडी गार झाल्यावर सुरू झाली, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसतंय? ऑइलच्या झाकणाखाली साय धरलीय? सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर थांबतच नाही? कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात? यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरा आणि गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

ऑइलच्या दिव्याबाबत तर एक मिनिटही विचार करू नका. चहाच्या किटलीसारखं चित्र असलेला लाल दिवा चालत्या गाडीत लागला, म्हणजे इंजिनात ऑइलचा दाब पडला. धातूवर धातू घासायला लागला. दोन किलोमीटर पुढं पेट्रोल पंप आहे, तिथवर नेऊ, असं वाटेल. नेऊ नका. लगेच थांबून इंजिन बंद करा. ही वेळ येऊ नये म्हणून आधीच काळजी घ्या: सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. दर पंधरवड्याला हे घरातल्या कुणीही करावं. मुलीला शिकवा, आईला शिकवा. यात अवघड काही नाही.

बाकीच्या तक्रारीही गाडी आधीच सांगत असते. सकाळी किल्ली फिरवली की टक-टक आवाज येतो आणि दिवे मंद होतात, तर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा खार बघा. उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर दमतात. दिवे लख्ख आहेत पण स्टार्टर फिरत नाही, तर स्टार्टर किंवा त्याची वायर. इंजिन जोरात फिरतं पण पेट घेत नाही, तर इंधन नाही तर स्पार्क. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर आणि पिकअप गेला, तर आधी एअर फिल्टर उघडा. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तो फार लवकर चोंदतो. नवा फिल्टर स्वस्त असतो, आणि बऱ्याच वेळा दुखणं तिथंच संपतं. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला तो बदलाच. तो धावत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, आणि तो तुटण्याआधी फारसा बोलत नाही.

पिवळा 'चेक इंजिन' दिवा नुसता लागून राहिला तर घाबरू नका, पण आठवड्यात दाखवा. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या बाजूच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग लाल होईस्तोवर तापतो. वेग कमी करा, बाजूला थांबा. वाळल्या गवतावर, पाचटावर गाडी उभी करू नका. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड निघतो. पण कोड फक्त कुठं शोधायचं ते सांगतो. पी ०३०० म्हणजे मिसिंग होतंय, एवढंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर की हवेची गळती, ते तपासावं लागतं. एका सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला लावून बघा, मिसिंग तिकडं सरकतं का ते बघा, असं मिस्त्रींना नम्रपणे सांगा. न तपासता चार भाग बदलून घेऊ नका. बदललेला जुना भाग मागून घ्या.

लग्नघरांना वेगळी विनंती. नवरदेवाची गाडी सजवताना फुलांच्या जाळ्या, कापडी पडदे पुढच्या जाळीवर बांधू नका. तिथूनच रेडिएटरला वारा मिळतो. वरातीत गाडी तासभर मुंगीच्या पावलानं चालते, एसी सुरू असतो, वारा नसतोच. सगळी भिस्त पंख्यावर. एसी लावला की पंखा फिरतो का, हे हळदीच्या दिवशीच बघून घ्या.

आगीचंही बोलू. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घालू नका. बाजारातल्या दिव्यांसाठी, साउंडसाठी मूळ वायर कापू देऊ नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना सोसेलच असं नाही, म्हणून नळ्या दाखवून घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी करायची असते, तारीख बघा. आणि घरगुती गॅसच्या सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणं आजच बंद करा. अशा व्हॅनमध्ये शाळेची मुलं बसतात. तुमचं मूल ज्या व्हॅननं जातं, त्या काकांना स्वतः विचारा. विचारण्यात संकोच कसला?

आता रस्त्याबद्दल. पुण्या-हैदराबादचा महामार्ग असो, विजयपूरचा असो, बंद पडलेली गाडी रात्री मागून येणाऱ्या ट्रकला फार उशिरा दिसते. ऊसतोडीच्या हंगामात विनादिव्यांच्या ट्रॉल्यांनी आपल्याला हे दाखवलं आहे. चारही इंडिकेटर लावा. लाल परावर्तक त्रिकोण निदान पन्नास मीटर मागं ठेवा. माणसांना डाव्या दारानं उतरवा आणि रेलिंगपलीकडं उभं करा. गाडीत, गाडीच्या मागं किंवा पुढं कुणी थांबायचं नाही. दगड लावू नका. फांद्या टाकल्याच तर निघताना उचलून बाजूला करा. तुम्ही निघून जाता आणि तो दगड तिथंच राहतो. अंधारात मोटारसायकलवरून कामावरून परतणारा एखादा बाप त्यावर आदळतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, जखमी असेल तर १०८, इतर संकटात ११२. हे तीन क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये भरून ठेवा. आणि बंद काचेच्या गाडीत इंजिन सुरू ठेवून मुलांना झोपवू नका. सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

कुणाला वाटेल, गाडीसाठी एवढं कशाला. मंगळवेढ्याच्या, दक्षिण सोलापूरच्या गावांत विचारा. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली, कुणाच्या छातीत कळ आली, तर वाड्या-वस्त्यांवर कित्येकदा शेजाऱ्याची गाडीच सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत धावते. ती गाडी तेव्हा सुरू झाली पाहिजे आणि वाटेत गरम होता कामा नये. ती गाडी तुमची असेल. तुम्ही नाही म्हणणार नाही, हे माहीत आहे. म्हणून तिची तयारी आधी ठेवा.

गॅरेजवाल्या भावांनो, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. येणाऱ्या प्रत्येक गाडीचं कूलंट आणि ऑइल न विचारता बघा. बोअरचं पाणी ओतू नका. गिऱ्हाईक घाईत असलं तरी "काका, पंखा फिरत नाही, असं जाऊ नका," एवढं म्हणा. पेन्शनर मंडळींना वाकून बॉनेटखाली बघणं जमत नाही. एकट्या बाईमाणसाला गॅरेजमध्ये कुणी नीट समजावून सांगत नाही. त्यांना वेळ द्या.

आणि ज्या तरुणांना हे सगळं येतं, त्यांनी येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, आपल्या गल्लीतल्या, सोसायटीतल्या गाड्या बघून द्याव्यात. एक चिंधी, एक टॉर्च, डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन पुरतो. ज्याची पातळी कमी दिसेल त्याच्या दारावर थाप मारा, त्याला खाली बोलवा, त्याच्याच हातानं डिपस्टिक काढायला लावा. हा मजकूर घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा. पहिली मोठी सहल निघायच्या आत हे करा. या आठवड्यातच करा.